स्वस्त ग्राफिक्स कार्डाची परीक्षा कुणाच्या संगणकावर?

ग्राफिक्स कार्डाचा कुठलाही नवा रिव्ह्यू पाहा. चाचणी कोणत्या संगणकावर झाली हे पहिल्या मिनिटात सांगून होते आणि बहुतेकांचे तिकडे लक्षही नसते. रायझन ७ ९८००एक्स३डी प्रोसेसर, डीडीआर५ रॅम, नवा कोरा मदरबोर्ड, उघडे टेबल आणि थंडगार खोली. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या या प्रोसेसरची एकट्याची किंमत ४७९ डॉलर होती आणि त्यावर तपासायला घेतलेले कार्ड असते २४९ डॉलरचे. असा जोड प्रत्यक्षात कुणी लावत नाही. परीक्षकांचे यात काही चुकते असेही नाही. प्रोसेसर कमजोर असला की सगळीच कार्डे एका पातळीवर येऊन अडकतात आणि कोणात किती दम आहे ते कळत नाही, म्हणून ते मधला अडथळा काढून टाकतात. लाखभर रुपयांच्या कार्डासाठी ही पद्धत योग्यच आहे. पण स्वस्त कार्ड घेणाऱ्याच्या घरी पाच-सहा वर्षांचा संगणक असतो, नवीन फक्त कार्ड यायचे असते आणि त्याच्यासाठी तो मधला अडथळा हीच खरी माहिती असते. गेल्या दहा-बारा वर्षांतली स्वस्त कार्डे या बाजूने पाहिली तर काहींचे गुण बरेच घसरतात आणि एखाद्याचे वाढतातही.

आधी स्वस्त म्हणजे किती ते पाहू. फेब्रुवारी २०१४ मध्ये एनव्हीडियाचे जीटीएक्स ७५० टीआय आले ते १४९ डॉलरला. ऑक्टोबर २०१६ मध्ये १०५० टीआय १३९ डॉलरला आणि एप्रिल २०१९ मध्ये १६५० पुन्हा १४९ डॉलरला. तिन्ही कार्डे ७५ वॉटच्या आत चालत. मदरबोर्डाच्या स्लॉटमधून तेवढी वीज मिळतेच, त्यामुळे वेगळी केबल लागत नसे. घरातल्या साध्या संगणकात कार्ड बसवले की तो गेमिंगचा झाला, हा हिशेब याच तीन कार्डांनी रूढ केला. खरे तर १६५० बाजारात आले तेव्हा एएमडीचे आरएक्स ५७० त्याहून कमी दरात मिळत होते आणि वेगातही पुढे होते. तरी लोकांनी १६५० घेतले. स्टीमच्या मासिक पाहणीत काही काळ तेच पहिल्या क्रमांकावर होते. केबल न लागण्याची किंमत किती मोठी असते ते यावरून कळावे.

मग २०२० च्या अखेरीस चिपांचा तुटवडा आणि इथेरियमचे मायनिंग एकाच वेळी आले आणि हे सगळे मोडले. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली, दुकानांत माल परत आला, पण जुने भाव काही परत आले नाहीत. २०२३ च्या जूनमध्ये आरटीएक्स ४०६० ची किंमत २९९ डॉलर ठरली. २०२५ मध्ये एनव्हीडियाच्या नव्या पिढीतले सगळ्यांत खालचे डेस्कटॉप कार्ड, आरटीएक्स ५०५०, २४९ डॉलरला आले. अमेरिकेत जाहीर होणाऱ्या किमतीत तिथला विक्रीकर धरलेला नसतो. आपल्याकडच्या बिलात १८ टक्के जीएसटी असतो. डॉलर ८५ रुपये धरला तरी २४९ डॉलर म्हणजे सुमारे २५ हजार रुपये आणि २९९ म्हणजे जवळपास ३०. वितरक आणि दुकानदार यांचा नफा त्यावर. म्हणजे आजचे 'बजेट' कार्ड हे अनेक घरांत अख्ख्या संगणकाच्या बजेटइतके असते.

त्याखालची जागा आता प्रोसेसरमधल्याच ग्राफिक्सने घेतली आहे. २०२४ च्या सुरुवातीला आलेल्या रायझन ८७००जी मधले रेडिऑन ७८०एम वेगवान रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या तर १६५० च्या आसपास पोहोचते. एकच पट्टी लावून दिलेला संगणक मात्र नको. त्यात निम्मी ताकद जाग्यावरच वाया जाते. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ एवढेच खेळणाऱ्याने २५ हजारांचे कार्ड शोधत बसण्यात फारसा अर्थ नाही. व्हॅलोरंटचा भार तर बव्हंशी प्रोसेसरवरच असतो.

आता मुख्य मुद्दा. कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यात माहितीची ये-जा होते ती पीसीआय एक्स्प्रेसच्या लेनमधून. लांबलचक स्लॉटमध्ये १६ लेन असतात आणि पूर्वी बहुतेक कार्डे त्या सगळ्या वापरत. जानेवारी २०२२ मध्ये एएमडीने १९९ डॉलरचे आरएक्स ६५०० एक्सटी आणले ते फक्त ४ लेनचे. मुळात लॅपटॉपसाठी आखलेली ती चिप होती. लॅपटॉपमध्ये बाकीची कामे प्रोसेसरकडे असतात म्हणून व्हिडिओ एन्कोडरसुद्धा काढून टाकलेला. मेमरी ४ जीबी. चौथ्या पिढीच्या स्लॉटमध्ये ४ लेन म्हणजे सेकंदाला सुमारे ८ जीबी. तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचे निम्मे, ४ जीबी. कार्डाची स्वतःची मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममध्ये जातो आणि दर फ्रेमला याच अरुंद वाटेने आत ओढावा लागतो. नव्या बोर्डावर हे कार्ड चालून जाई. जुन्या बोर्डावर मात्र काही गेममध्ये ते पाच वर्षे आधीच्या आरएक्स ५८० च्याही मागे पडले.

आणि जुने बोर्ड म्हणजे कुठले? आपल्याकडे २०१९ ते २०२१ मध्ये असेंबल केलेल्या संगणकांतले बहुसंख्य: बी४५० वर रायझन ३६००, एच४१० वर आय५ १०४००. एक गंमत अशी की कार्डांच्या तुटवड्यात ज्यांनी 'आत्ता ग्राफिक्सवाला प्रोसेसर घेऊ, कार्ड पुढे बघू' म्हणून रायझन ५६००जी घेतला, त्यांचा बोर्ड नवा बी५५० असला तरी तो प्रोसेसर तिसऱ्या पिढीच्या लेनच देतो. म्हणजे स्वस्त कार्डाचा जो हक्काचा ग्राहक, नेमका त्याच्याच संगणकावर हे कार्ड सगळ्यांत वाईट चालणार. त्या वेळी काही परीक्षकांनी जुन्या बोर्डावरच्या चाचण्या वेगळ्या करून दाखवल्या. त्या नसत्या तर '१९९ डॉलरमध्ये बरे आहे' एवढ्यावर विषय मिटला असता.

इंटेलच्या आर्क बी५८० ची कथा याहून बोलकी आहे, कारण ते कार्ड मुळात चांगले आहे. १३ डिसेंबर २०२४ ला ते २४९ डॉलरला विक्रीस आले. १२ जीबी मेमरी, १९२ बिटची बस, सेकंदाला ४५६ जीबीची बँडविड्थ. त्यापेक्षा ५० डॉलर महाग असलेल्या आरटीएक्स ४०६० कडे ८ जीबी आणि २७२. पहिल्या रिव्ह्यूंमध्ये कौतुकाचा पाऊस पडला आणि तो योग्य होता. मग जानेवारी २०२५ मध्ये हार्डवेअर कॅनक्स आणि हार्डवेअर अनबॉक्स्ड या दोघांनी तेच कार्ड रायझन ५ २६०० सारख्या जुन्या आणि पुढे ५६०० सारख्या मध्यम प्रोसेसरवर चालवून पाहिले. जे कार्ड ९८००एक्स३डी वर ४०६० च्या पुढे होते, ते काही गेममध्ये मागे गेले. इंटेलचा ड्रायव्हर प्रोसेसरकडून जास्त काम करून घेतो; प्रोसेसर तगडा असला की ते जाणवत नाही, साधा असला की कार्ड उपाशी बसते. शिवाय या कार्डाला रिसायझेबल बार नावाची सोय बायोसमध्ये सुरू असावी लागते. ती नसेल तर घेऊच नये, इतका फरक पडतो, आणि साधारण २०२० पूर्वीच्या बऱ्याच बोर्डांवर ती नसते.

यावरून कुणी इंटेलला मोडीत काढू नये. नव्या आय५ किंवा नव्या रायझनबरोबर बी५८० हा अजूनही या किमतीतला उत्तम सौदा आहे, आणि तिसरा खेळाडू बाजारात टिकला तरच उरलेले दोघे भानावर राहतील. पण 'जुन्या संगणकात जान आणायला स्वस्त कार्ड' म्हणून ते सुचवणारा दुकानदार ग्राहकाचे नुकसान करतो.

मेमरीचा वाद सध्या सगळ्यांत गाजतो आहे. जून २०१६ मध्ये एएमडीचे आरएक्स ४८० हे ८ जीबी मेमरीसह २३९ डॉलरला मिळत होते. मे २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०६० वरही ८ जीबीच आहे आणि किंमत २९९. मधल्या काळात गेम कुठून कुठे गेले! २०२३ च्या मार्चमध्ये 'द लास्ट ऑफ अस पार्ट १' संगणकावर आला तेव्हा ८ जीबीची कार्डे १०८० पिक्सेललाच दमली. त्यानंतर त्या गेममध्ये सुधारणा झाली हे खरे, पण दिशा स्पष्ट झाली होती. मेमरी कमी पडली की दरवेळी वेग कमी होतो असेही नाही. काही गेम गुपचूप पोत उतरवतात. समोरची भिंत चिखलासारखी दिसते आणि फ्रेम्सचा आकडा मात्र तोच राहतो. आलेखात हे पकडता येत नाही. वेग मध्येच अडखळतो का, हे कळायला मात्र सरासरी फ्रेम्सच्या शेजारी 'एक टक्का लो' पाहावा. सगळ्यांत वाईट एक टक्का फ्रेम्सचा वेग त्यात येतो आणि झटके तिथेच दिसतात. सरासरी ७० आणि लो २५ असेल, तर ते कार्ड ६० ला स्थिर चालणाऱ्या कार्डापेक्षा वाईटच.

एनव्हीडियाने एप्रिल २०२५ मध्ये ५०६० टीआय दोन रूपांत आणले, ८ जीबी ३७९ डॉलरला आणि १६ जीबी ४२९ ला. परीक्षकांकडे मात्र १६ जीबीचेच नमुने गेले. महिन्याभराने ५०६० आले तेव्हा बहुतेक परीक्षकांना ड्रायव्हर आधी मिळालाच नाही, त्यामुळे विक्री सुरू होताना स्वतंत्र रिव्ह्यू जवळपास नव्हते. माल चांगला आहे असा ज्याचा विश्वास असतो तो असे वागत नाही. एएमडीनेही जूनमध्ये आरएक्स ९०६० एक्सटी या एकाच नावाखाली ८ जीबी २९९ ला आणि १६ जीबी ३४९ ला विकायला काढले. आपल्या हिशेबात हा फरक साधारण पाच हजारांचा. एरवी मी पाच हजार वाचवायलाच सांगितले असते, इथे नाही. इथेही जुन्या बोर्डाचा प्रश्न येतोच: मेमरी भरल्यावर माल ज्या वाटेने येतो ती पीसीआय एक्स्प्रेसचीच, त्यामुळे ५०६० सारख्या ८ लेनच्या ८ जीबी कार्डाला तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर दुहेरी फटका बसतो.

नावांबद्दल बोलायचे तर नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा. जीटी १०३० हे २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले. पुढच्या वर्षी त्याच नावाने साधी डीडीआर४ मेमरी लावलेले कार्ड बाजारात आले आणि बँडविड्थ ४८ जीबीवरून १७ च्या खाली गेली. खोक्यावर नाव तेच. आरटीएक्स ३०५० चे २०२२ चे कार्ड ८ जीबी, १२८ बिट, १३० वॉट. फेब्रुवारी २०२४ चे त्याच नावाचे कार्ड ६ जीबी, ९६ बिट, ७० वॉट. त्याहून वाईट म्हणजे आरएक्स ५८० '२०४८एसपी'. खऱ्या ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर असतात. २०४८ वाले हे खरे तर ५७०. चीनच्या बाजारासाठी २०१८ मध्ये निघालेली ही आवृत्ती अनोळखी ब्रँडांच्या नावाने आपल्याकडेही ऑनलाइन भरपूर मिळते आणि 'आठ जीबी, दहा हजारांच्या आत' म्हणून कॉलेजची मुले ती घेतात. ५७० म्हणून ते वाईट नाही. पण त्या चिपा जुन्या कार्डांवरून काढलेल्या असू शकतात, आणि वॉरंटी देणारा पुढच्या वर्षी असेलच असे नाही.

जुने कार्ड घ्यायचे असेल तर ते समोर चालवून घ्यावे आणि जीपीयू-झेड हा फुकटचा प्रोग्रॅम उघडून पाहावा. जुन्या चिपवर खोटे बायोस चढवून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डे तो बहुतेक वेळा ओळखतो. मायनिंगला वापरलेले कार्ड म्हणजे हमखास मेलेले, हा समज मला अतिरेकी वाटतो. पंखे आणि थर्मल पेस्ट बदलली तर ती चालतात. खरा प्रश्न ड्रायव्हरचा. एनव्हीडियाने ७५० टीआयपासून १०८० टीआयपर्यंतच्या कार्डांसाठी गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पर्यंतच देऊ असे जाहीर केले होते. त्यापुढे २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या. भरीस भर म्हणून 'इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल' आणि 'डूम: द डार्क एजेस' हे गेम रे ट्रेसिंगची सोय नसलेल्या कार्डावर चालवायला बनवलेलेच नाहीत. तेव्हा १०६० आता कितीही स्वस्त मिळो, नव्या गेमसाठी ते घेऊ नये. जुने गेम खेळणाऱ्याची गोष्ट वेगळी.

कंपन्या ज्या आकड्यांवर जाहिराती करतात ते बहुधा फ्रेम जनरेशनचे असतात. अपस्केलिंग वेगळे आणि फ्रेम जनरेशन वेगळे. डीएलएसएस, एफएसआर, एक्सईएसएस कमी पिक्सेलांवर चित्र काढून ते मोठे करतात. यात खरा वेग वाढतो आणि स्वस्त कार्डाला हे वरदान आहे. डीएलएसएसचा दर्जा १०८० पिक्सेलला इतरांहून सरस असतो, त्यामुळे एनव्हीडियाला इथे जास्तीचे गुण द्यावेच लागतात. एएमडीचे एफएसआर ४ त्याच्या जवळ आले, पण एएमडीने ते ९००० मालिकेसाठी काढले. फ्रेम जनरेशन मात्र दोन खऱ्या फ्रेम्सच्या मध्ये बनावट फ्रेम घालते. चित्र गुळगुळीत दिसते. माऊसचा प्रतिसाद मूळ वेगाचाच राहतो, किंबहुना किंचित मंदावतो. मुळात ६० च्या आसपास फ्रेम्स असतील तर ते ठीक, ३० असतील तर हात जड वाटतात. शिवाय त्याला स्वतःची मेमरी लागते. म्हणजे ८ जीबी कार्डाची विक्री ज्या सोयीच्या जोरावर होते, तीच सोय त्याची ८ जीबी आधी संपवते.

आणि विजेचे काय? परदेशी रिव्ह्यूमध्ये एसएमपीएस चांगलाच असणार हे गृहीत असते. आपल्याकडे कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या डब्यावर '४५० वॉट' लिहिलेले असते आणि त्यावर भरवसा ठेवता येत नाही. ४०६० ची गरज ११५ वॉट, आरएक्स ६६०० ची १३२, बी५८० ची १९०. शेवटच्या कार्डासाठी नवा, ८० प्लस ब्रॉन्झ दर्जाचा एसएमपीएस लागला तर तीन-चार हजार आणखी गेले आणि कार्डाची किंमत वाढली. चाचणीची खोली २१ ते २५ अंशांची असते. मे महिन्यातली अकोल्याची किंवा चंद्रपूरची खोली तशी नसते. खोली पंधरा अंशांनी तापली की कार्डही साधारण तेवढेच तापते, पंखे किंचाळू लागतात आणि शेवटी वेग उतरतो. विदर्भात, मराठवाड्यात कमी वॉटच्या कार्डाला मी चार गुण जास्त देईन. वीजबिलाचा फरक तुलनेने किरकोळ आहे: ७५ वॉट जास्त आणि रोज तीन तास खेळ म्हणजे वर्षाला ८० युनिट.

मग घ्यावे काय? कार्यालयातून निघालेला जुना डेल किंवा एचपीचा डेस्कटॉप असेल, २४० वॉटचा एसएमपीएस आणि जादा केबल नाही, तर ज्या ६ जीबीच्या आरटीएक्स ३०५० ला सगळ्यांनी नावे ठेवली तेच घ्या. ७० वॉट, ८ लेन, डीएलएसएसची सोय आणि बुटक्या कॅबिनेटात बसणारे लो-प्रोफाइल रूपही मिळते. या एका संगणकापुरते त्याला प्रतिस्पर्धी नाही; आरएक्स ६४०० केबलशिवाय चालते, पण ४ लेनचे असल्याने तिसऱ्या पिढीच्या बोर्डावर मार खाते. रायझन ३६०० किंवा आय५ १०४०० वाल्यांनी आरएक्स ६६०० पाहावे, आणि थोडे अधिक पैसे असतील तर १२ जीबी मेमरीचे व पूर्ण १६ लेनचे आरटीएक्स ३०६०. फेब्रुवारी २०२१ चे हे कार्ड रिव्ह्यूमध्ये आता म्हातारे दिसते. जुन्या बोर्डावर ते अजून भक्कम आहे. संगणक नव्यानेच बांधत असाल तर बी५८०, आणि ऐपत असेल तर ९०६० एक्सटी, पण १६ जीबीचेच. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या डेटा सेंटरांमुळे मेमरीच्या चिपा महागल्या आहेत आणि जास्त मेमरीच्या कार्डांना त्याची झळ आधी बसते, तेव्हा हा सौदा फार पुढे ढकलण्यात शहाणपण नाही.

मराठीत संगणकाच्या वस्तूंचे परीक्षण करणाऱ्या मंडळींना एक विनंती. ९८००एक्स३डी वरचे आलेख जगभर तयार मिळतात, ते पुन्हा मराठीतून दाखवण्यात नवीन काही नाही. एक आय५ १०४००, एक बी४५० बोर्ड आणि पंखा लावलेली साधी खोली एवढ्यावर पुढचे स्वस्त कार्ड तपासा आणि तो आकडा सगळ्यांत आधी दाखवा.